मातृभाषेची परीक्षा

६ जानेवारी
ठरलं. प्रवेश परीक्षा देणार. मुख्याध्यापकांनी स्पष्टच सांगितलं, इतिहासाची कायमची जागा हवी तर मास्टर्सला प्रवेश मिळाल्याचं दाखवा, उन्हाळ्यापर्यंत थांबतो. बारा वर्षं बदली शिक्षक आहे. पहाटे फोन येणार, आज कोण आजारी ते कळणार, मग मी निघणार. कंटाळलो.
निम्मी परीक्षा अवघड इंग्रजी शब्दांची. पण इंग्रजी माझी मातृभाषा. जगभरची पोरं शिकून येतात, मी जन्मापासून बोलतोय. मार्लिसला म्हटलं, कायम झालो की तुझी बेकरीतली शनिवार-रविवारची पाळी बंद. बायकोचा विश्वास किती? म्हणाली, आधी दारातला बर्फ उपस.

९ जानेवारी
कार्डं आणली. पुढे शब्द, मागे अर्थ. अवघड शब्द लाल शाईत, सोपे हिरव्या. हिरव्या पेनाचं टोपण अजून काढलेलं नाही.

१७ जानेवारी
कार्डं लिहिण्यातच आठवडा गेला. पाठांतर नाही, पण अक्षर सुंदर आलंय. सिग्नेने ही परीक्षा गेल्या वर्षीच दिली, आता मिनिआपोलिसला शिकते. फोनवर म्हणाली, बाबा, अशी कार्डं मोबाइलवर फुकट मिळतात. लेकीला काय सांगायचं! हाताने लिहिलेलं डोक्यात राहतं.

२५ जानेवारी
‘ए’ पूर्ण! चर्चच्या जेवणात पास्टरना म्हटलं, आजचं प्रवचन फार ‘अ‍ॅब्स्ट्रूस’ झालं. मला वाटलं होतं, सखोल. घरी कार्ड पाहिलं: डोक्यावरून जाणारं. पास्टरना अर्थ माहीत असावा, कारण ते ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेले. मार्लिस म्हणाली, ‘बी’चे शब्द घरातच वापर.

२ फेब्रुवारी
घरी अभ्यास होत नाही. टीव्ही, बर्फ, मार्लिस. उद्यापासून मेहुण्याच्या, ऑरिनच्या, मासेमारीच्या खोपटात बसणार. गोठलेल्या तळ्यावर चार भिंती, एक शेगडी, बर्फात पाडलेलं भोक. दुसरं काही नाही.

८ फेब्रुवारी
शांतता जरा जास्तच. झोप लागते. तरी ‘एफ’पर्यंत आलो. ऑरिनला मासे बरे मिळाले.

१५ फेब्रुवारी
ऑरिनने ‘एम’पासून पुढची सगळी कार्डं शेगडीत घातली! ओरडलो, तर म्हणतो, दाजी, तुम्ही घोरत होतात, लाकडं ओली होती, गारठून मरायचं होतं का? चिडलो. मग वाटलं, बरंच झालं. भार हलका. आता ‘एल’पर्यंत पक्कं करायचं. ‘जी’ उद्यापासून.

२७ फेब्रुवारी
उद्या परीक्षा. आदल्या दिवशी डोक्याला विश्रांती द्यावी म्हणतात. मी गेला आठवडाभर देतोय.
मार्लिसने बेकरीत सांगून टाकलं, शनिवार-रविवार येणार नाही. मीच म्हणालो होतो, सांग. ऐकून घाईने ‘जी’ची कार्डं शोधली.

२८ फेब्रुवारी
दिली! संपल्यावर संगणकाने विचारलं, गुण ठेवायचे की रद्द करायचे? ठेव म्हटलं. इंग्रजीत एकशे एक्केचाळीस. एकशे सत्तरपैकी! हिशेब केला, त्र्याऐंशी टक्के. आमच्या शाळेत याला ‘बी’ श्रेणी देतात. तिथल्या तिथे विद्यापीठांना पाठवून टाकले.
मार्लिसला बाहेर जेवायला नेलं. फार दिवसांनी हसली.

१ मार्च
सिग्नेला फोन लावला, मुद्दाम स्पीकरवर, मार्लिसलाही ऐकू जावं म्हणून. गुण ऐकून पोर हळूच म्हणाली, बाबा, या परीक्षेत शून्यापासून मोजत नाहीत, एकशे तीसपासून मोजतात. काहीच आलं नाही तरी एकशे तीस मिळतात.
म्हणजे माझे अकरा.
मार्लिस कोट घालून बेकरीत गेली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती.
संध्याकाळी आली. बूट काढता काढता म्हणाली, शनिवार-रविवार दुसरीला देऊन टाकलेत. आता फक्त रात्रपाळी आहे. उद्यापासून.

३ मार्च
पहाटे शाळेचा फोन. व्यायामाचे सर आजारी. मार्लिस नुकतीच रात्रपाळीहून येऊन झोपली होती, म्हणून हळू आवाजात हो म्हटलं.