निळं केशर

वरंध, १२ मे २००३

श्री. नाथूदादा यांस चांगूचा रामराम. तुमच्या गुडघ्याला नवं तेल लागू पडलं का, ते कळवा. इकडे सगळे खुशाल आहेत, निदान महाडचे डॉक्टर तसं म्हणाले. डॉक्टरांकडे का गेलो, तेच सांगायला बसलोय.

तुमच्या बहिणीने, चंपाने, गेल्या उन्हाळ्यात तांब्याचे हंडे मोडीत घालून पाण्याला प्लास्टिकचं निळं पिंप घेतलं. (मी नको म्हटलं होतं. मनात.) पिंप अंगणात उन्हात तापायचं, आणि चंपा त्यालाही हंड्यासारखं रोज राख नि काथ्याने आतून घासायची. घासून घासून त्याचा चुरा निघायला लागला. भातात निळे ठिपके दिसायचे ते आम्ही तांदळाचे समजून खात होतो. (रेशनच्या तांदळात काय नसतं?)

परवा आपल्या सुप्रियाला बघायला पोलादपूरचे पाहुणे आले. मुलाचं कशेडी घाटाखाली ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. सोबत त्याचे मामा, कुशाबा. मामांनी भात निरखून हे निळं काय म्हणून विचारलं. चंपाने (तुमच्याच घरची लेक, डगमगते कुठे!) केशर म्हणून सांगितलं. निळं केशर मामांनी जन्मात पाहिलं नव्हतं, त्यांनी आणखी भात मागितला. पोरीच्या लग्नाचा प्रश्न, मीही मान डोलावली.

वाढायला आलेल्या सुप्रियाने डाव मागे घेतला. म्हणाली, "मामा, केशर नाय ते. पिंपाचं प्लास्टिक हाय. खाऊ नका."

सगळ्यांचे घास हातात राहिले. पोटात जाऊन याचं काय होतं, असं मामांनी विचारलं.

"मला ठाऊक नाय. म्हणून तर नको म्हणते."

घाबरून सगळे तांब्याभर पाणी प्यायले. (त्याच पिंपातलं. हे मला मागाहून सुचलं.)

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं महाडला गेलो. डॉक्टरांनी पोटं दाबून पाहिली. म्हणाले, बरंचसं बाहेर पडतं. पण सगळं पडतं का, आणि अगदी बारीक कण अंगात राहून काय करतात, ते आज कुणी छातीठोक सांगणार नाही. पिंप मात्र बदला. येताना एसटीत चंपा रडली. सगळ्यांच्या पोटात चांगलं पाणी जावं म्हणूनच घासत होते, म्हणाली. आता पाणी मातीच्या माठात आहे आणि पिंपात चुलीच्या शेणी भरल्यात.

आज पोलादपूरहून निरोप आला, मुलगी पसंत आहे. खरं बोलणारं माणूस घरात हवं, असं मामांचं म्हणणं.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
चांगू

ता. क. होकार तिकडचा आलाय, सुप्रियाचा नाही. मुलगा सगळा वेळ गप्प होता, माणूस कसा ते कसं कळावं, म्हणते. तुमचं ती ऐकते, तेव्हा येऊन तिची समजूत घाला, असं चंपा लिहायला सांगते.

ता. क. २. चंपा आता विहिरीवर गेली आहे. या जरूर, पण समजूत घालू नका. पोरीला घेऊन त्या गॅरेजवर जा आणि दोघांना बोलू द्या. तुम्ही बाहेर चहा प्या.