सासूबाईंचं पुसलेलं गोंदण

दौंड, रविवार संध्याकाळ

नुसता संताप संताप होतोय. मुलाने आणलेला नवा छोटा कॅमेरा म्हणे माझ्या जुन्या डीएसएलआरपेक्षा हुशार! "आई, ते धूड टाक आता कपाटात." ऐकलं मी, मूर्खासारखं. भांडगावला जाऊन सासूबाईंचा फोटो नव्या कॅमेऱ्यानेच काढला. त्या शहाण्याने आपणहून चेहरा गुळगुळीत केला आणि कपाळावरचं हिरवं गोंदणही पुसलं.

आज फोटो हातात घेऊन सासूबाई म्हणाल्या, "मेल्यावर संगं गोंदण तेवढंच येतं. त्ये बी काढून घेतलंस व्हय गं?"

जुन्या कॅमेऱ्याने एक ठिपका सोडला नसता. पण स्क्रीनवर बघून "छान आलाय" कोण म्हणालं? मीच ना! चाळीस वर्षं त्यांची सून आहे मी. त्यांच्या कपाळाकडे मी कधी नीट पाहिलं तरी होतं का?