आरोहीचे रकाने

८ जुलै
अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं. आहारवाटप, मोबाइलवरची माहिती, त्यात हे. पाय भरून आलेत. डॉक्टरबाईंनी आरोहीला घेतलं, साडेचार वर्षांची. हात मागे बांधून म्हणाल्या, "चेंडू दे." ती नुसती बघत बसली. मी ओंजळ पुढे केली, "दे बाळा." लगेच दिला.
"ताई, तुम्ही हात खाली ठेवा."
मग नाही दिला. एकदाही नाही.

९ जुलै
प्रशिक्षणात शिकवलंय, मुलांशी हातवारे करून बोला. बारा वर्षं तेच करतेय. पोर माझे हात बघून वागायची आणि मी विकासपत्रकात 'सूचना समजतात'वर टिक! बोलत नाही? घरी अहिराणी, इथे मराठी, गोंधळली असेल. चालायला उशीर? आजीच्या कडेवर वाढली. तोल जातो? अशक्त आहे. प्रत्येक रकान्यात थोडीच मागे, आणि प्रत्येकाला माझं कारण तयार. स्वतःचाच राग येतोय.

११ जुलै
डॉक्टरबाईंनी धुळ्याला कानांची तपासणी सुचवली, मंगळवार मिळाला. सांगायला घरी गेले. आजी, म्हणजे अक्का, ओट्यावर. "तिना बाप बी पाच वरीसले बोलना. बठ्ठं समजस तिले." बापही पाचव्या वर्षी बोलला, पोरीला सगळं समजतं, असं त्यांचं. आई सविता केळीच्या कामावरून नुकती आलेली. उभ्यानेच म्हणाली, "दोन वरीस तं तुमीच म्हनेत ना ताई, पोर बराबर शे?"
चुकलं माझं, म्हटलं. ती आत गेली. मंगळवारी येईल का...

१५ जुलै
आली. अक्काचं न ऐकता, काम बुडवून. एस.टी.त माझ्याशेजारी जागा होती तरी पुढे जाऊन बसली. बसू दे.
धुळ्याच्या मॅडमनी विचारलं, मान कधी धरली, पहिला शब्द कधी, हाकेला वळते का. सविताने सगळं सांगितलं, महिन्यांसकट. भांडं पडलं तरी पोर दचकत नाही, हेही. माझ्या नोंदींशी एकही उत्तर जुळेना. मी कायम अक्कालाच विचारत आले, पोरीला सोडायला त्याच येतात. सविता तेव्हा शेतात.
आरोही रडली, तपासणी अर्धीच झाली. पुन्हा बोलावणार आहेत.
परतताना विचारलं, "सविता, तुला कधीपासून वाटत होतं?"
"पहिलेपासून. पन तुमी शिकेल शेतस ना." मी शिकलेली, म्हणून तिने माझंच खरं मानलं.
पुढची तारीख अजून कळलेली नाही.