सरावाची रुग्ण

८ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. आधी सगळं ठीक आहे एवढं सांगून टाकते, कारण माझ्या अक्षरातलं पाकीट बघून तुझ्या छातीत धस्स झालं असणार. इकडे सगळे बरे आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो आता घरचाच माणूस झालाय. भाऊजींचं सकाळचं चालणं चालू आहे ना, की नुसतेच बूट घालून पेपर वाचतात? नातीला दात आले का? मागच्या फोटोत ती अगदी भाऊजींसारखी दिसते. त्यांना सांगू नकोस, आधीच हवेत असतील.

फोन करायचा सोडून पत्र का, असं म्हणशील. अगं, फोनवर तू 'बरं' म्हणतेस, मी 'बरं' म्हणते, आणि मग आपण दोघी हवापाण्यावर येतो. आई गेल्यापासून हेच चाललंय. पत्रात मला मध्येच कुणी 'बरं' म्हणू शकत नाही.

ऑफिसची खबर अशी, की आमच्या डीनबाईंना नवे अभ्यासक्रम सुचायचा आजार झालाय. सकाळी त्यांना सुचतं, 'वृद्धांची शुश्रूषा', आणि संध्याकाळपर्यंत नियोजन विभागानं, म्हणजे मी, त्याचा आराखडा द्यायचा. विद्यार्थी किती घ्यायचे, शिक्षक कुठून आणायचे, वर्ग कुठे भरवायचे. खोल्या आहेत तेवढ्याच. परवा वैतागून मी एका अभ्यासक्रमाला जिन्याखालची जागा लिहून दिली, तर समितीनं ती मंजूर केली! आता तिथल्या जुन्या व्हीलचेअर कुठे हलवायच्या याची वेगळी बैठक आहे.

पण त्यातला एक मात्र मनापासून चांगला आहे. 'रुग्णसंवाद'. शिकाऊ डॉक्टर आणि नर्सनी माणसाशी बोलायचं कसं, हे शिकवणारा. पुस्तकं सगळी पाठ असतात गं त्यांची, पण समोरच्याला 'तुमचा पाय काढावा लागेल' हे सांगायची वेळ आली की पाचावर धारण बसते. म्हणून सरावासाठी आम्ही बाहेरची माणसं बोलावतो. त्यांना आजाराचा कागद द्यायचा, तो त्यांनी वाचून यायचा आणि खऱ्या रुग्णासारखं वागायचं. असे सुटे सराव आधीपासून चालायचे, आता त्यांचा रीतसर अभ्यासक्रम झालाय आणि पुढच्या महिन्यात पहिली तुकडी येतेय.

यातलं बरंच तुला माहीत आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर आईनं हेच तर डोक्यावर घेतलं होतं. आठवतं ना, तू आली होतीस तेव्हा सकाळपासून लंगडत होती आणि तू घाबरून तिचा पाय चेपत बसलीस, आणि मग ती म्हणाली, 'अगं, उद्याचा सराव करतेय'? तू दिवसभर तिच्याशी बोलली नाहीस. मुलं तिला 'पेशंटआई' म्हणायची. सराव संपला की ती त्यांना झापायची. 'बाळा, वाईट बातमी सांगताना खुर्ची पुढे ओढतात, मागे नाही. मी काय तुला चावणार होते?'

तर मुद्दा असा. तिच्या त्या सरावांचं चित्रीकरण झालेलं आहे, आणि ते नव्या अभ्यासक्रमात दाखवायचं आहे. माणूस हयात नसेल तर त्याच्या सगळ्या मुलांची संमती लागते. माझी सही मी केली आहे. सोबतच्या कागदावर पेन्सिलीनं खूण केली आहे, तिथे तू कर आणि पाठवून दे. साधी गोष्ट आहे, उगीच विचार करत बसू नकोस.

सरावाची खोली माझ्या खोलीला लागूनच आहे. मधली भिंत नावालाच. चित्रफिती चालतात का बघायला आमचा तंत्रज्ञ दुपारी त्या लावतो. मग मी चहा घेत असते आणि पलीकडून आईला दम लागलेला असतो. दुसऱ्या दिवशी पोटात दुखत असतं. एकदा ती 'अगं ए, जरा पाणी दे' म्हणाली आणि मी 'आले' म्हणत उठून दारापर्यंत गेले. समोरच्या टेबलावरची कारकून बघतच राहिली. मी म्हटलं, पाठ आखडली होती.

सवय होईल. सगळ्याची होते.

भाऊजींना नमस्कार, नातीला गोड पापा.

तुझी,
बारकी


२९ ऑगस्ट

ताई,

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळी! 'सही करते. पण त्यात काय आहे? आणि आईचं तुला नक्की कधी कळलं होतं?' ना भाऊजी, ना नात, ना हवापाणी. म्हणजे तू रागावली आहेस. आणि तू मूर्ख नाहीस हे मी दर वेळी का विसरते कोण जाणे.

हे पत्र किती वेळा लिहून फाडलं ते विचारू नकोस. आता जे येईल ते येऊ दे.

आधी तुला बिल्ल्याबद्दल सांगावं लागेल. सरावाच्या रुग्णाला आम्ही एक निळा बिल्ला लावतो. बिल्ला छातीवर आहे तोवर ते नाटक. मग ती बाई विव्हळो, रडो, अंगावर ओरडो, कुणी मनाला लावून घ्यायचं नाही. आणि मध्येच तिला खरोखर चक्कर आली, खरोखर काही झालं, तर तिनं बिल्ला काढायचा. बिल्ला निघाला की नाटक संपलं, आता बोलते ती ती स्वतः. त्या क्षणी सगळं थांबवून तिच्याकडे बघायचं. हा नियम या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात पहिल्याच पानावर आहे. मीच लिहिला आहे.

अभ्यासक्रमाला मंजुरी देणाऱ्या समितीपुढे डीनबाईंना एक सराव प्रत्यक्ष करून दाखवायचा होता. 'तुझ्या आईलाच बोलव, त्यांच्यासारखं कुणाला जमत नाही,' असं त्या म्हणाल्या. मोठ्या सभागृहात अर्धगोलात सगळे प्राध्यापक, मध्ये दोन खुर्च्या, एकीवर आई, दुसरीवर एक चष्मेवाली शिकाऊ डॉक्टर. कोपऱ्यात कॅमेरा. दुसऱ्या कोपऱ्यात मी, बैठकीचं इतिवृत्त लिहायला. आईच्या कागदावर साधं होतं. साखर वाढली आहे, म्हणून गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागेल. माझाच गुडघा तिनं उसना घेतला होता. छान कुरकुर करत होती, मंडळी खूश होती.

मग त्या मुलीनं कागदातला शेवटचा प्रश्न विचारला. 'आजी, आणखी काही त्रास?'

आईनं बिल्ला काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, 'आहे. कॅन्सर आहे. परवाच कळलं. एकटीच गेले होते.'

मी हे पाहिलं नाही, ताई. मी लिहीत होते. मला नुसतं ऐकू आलं, आणि वाटलं, वा, आईनं डाव रंगवला. शेजारचे एक प्राध्यापक कुजबुजलेही, 'काय अभिनय आहे!' बिल्ला त्या एकट्या मुलीला दिसला. चित्रफितीत तिचा चेहरा दिसतो. ती बिल्ल्याकडे बघते, आईकडे बघते, मग सगळ्या सभागृहाकडे बघते, कुणीतरी उठेल म्हणून. कुणी उठत नाही. मग ती खुर्ची पुढे ओढते.

ती विचारते, 'घरी सांगितलंत?'

आता आई जे म्हणाली ते तुला जसंच्या तसं लिहिते. भिंतीतून ऐकून ऐकून पाठ झालंय.

'नाही. दोन मुली आहेत. मोठी लेकीच्या बाळंतपणाला गेलीय. तिला कळलं तर हातातलं टाकून येईल आणि आल्या आल्या सगळं नीट करायला लागेल. तिचे वडील गेले तेव्हा फ्रॉकमध्ये होती. तेव्हापासून तीच माझी आई झाली. मी रडले की ती डोळे पुसायची, म्हणून मी रडायचं सोडलं. पण तिला कुणी जवळ घेतलंच नाही. माझ्याकडून राहिलं ते. आता ती एवढी मोठी झालीय, की कसं घ्यायचं तेही कळत नाही.'

मुलीनं विचारलं, 'आणि धाकटी?'

'धाकटी ही काय, इथेच आहे. मान खाली घालून लिहितेय. तिचं लिहून झालं की सांगेन.'

सगळं सभागृह हसलं. सगळ्यांना माहीत होतं ना मी तिची मुलगी, त्यांना वाटलं, बाईंनी लेकीची फिरकी घेतली. मीही हसले. मान वर न करता. चित्रफितीत माझं हसू लगेच ओळखू येतं. सगळ्यांच्या आधी सुरू होतं आणि सगळ्यांच्या नंतर थांबतं. मग टाळ्या, मग डीनबाईंचं भाषण. इतिवृत्तात मी लिहिलं, 'सादरीकरण अत्यंत प्रभावी. अभ्यासक्रमास एकमताने मंजुरी.'

ती मुलगी मला बाहेर व्हरांड्यात गाठून म्हणाली, 'मॅडम, त्यांनी बिल्ला काढला होता.' घरी जाताना मी आईला विचारलं, 'तू बिल्ला काढलास?' ती म्हणाली, 'काढला.' मी म्हटलं, 'मग?' ती म्हणाली, 'मग काय? भाजी घ्यायची का जाताना, घरात काही नाहीये.' आणि भाजीवाल्यापुढे उभी राहून, टोमॅटो दाबून बघत, तिनं मला सगळं सांगितलं. वर बजावलं, ताईला एवढ्यात कळता कामा नये, बाळ सुखरूप बाहेर येऊ दे. तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. मला त्या दिवशी कळलं. त्याच्या आधी सभागृहातल्या सगळ्यांबरोबर एकदा सांगून झालं होतं, पण ते कळणं धरायचं की नाही, ते तूच ठरव.

पुढचं तुला माहीत आहे. तू आलीस तेव्हा तिचं बोलणं बंद झालं होतं. तू तिच्या उशाशी बसून औषधांच्या वेळा लावल्यास, चादरी बदलल्यास, डॉक्टरांशी भांडलीस, मला जेवायला घातलंस. तुझ्या डोळ्यात पाणी दिसलं नाही. आणि निघताना दारात, बॅग हातात घेऊन, तू अगदी सहज विचारल्यासारखं विचारलंस, 'आई माझ्याबद्दल काही म्हणाली का गं?'

मी म्हटलं, 'नाही गं, खास काही नाही.'

धडधडीत खोटं. खरं सांगायचं तर ती कुठे म्हणाली ते सांगावं लागलं असतं, आणि ती म्हणत असताना मी काय करत होते तेही. तू 'बरं' म्हणालीस आणि गेलीस. तेव्हापासून आपण दोघी 'बरं' म्हणतोय.

आता त्या सहीचं. पहिल्या पत्रात मी ज्यांना 'चित्रफिती' म्हटलं, त्यात ही आहे. डीनबाईंना खरी ही एकच हवी आहे. त्यांना सगळं माहीत आहे, मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, बिल्ला निघालेला कुणालाच दिसत नाही, हे मुलांनी बघायलाच हवं, याहून मोठा धडा मी शिकवू शकत नाही. तंत्रज्ञ भला माणूस आहे, म्हणाला, मॅडम, तुमचं हसू कापून देतो, कुणाला पत्ता लागणार नाही. मी नको म्हटलं. ते कापलं तर आई कुणाशी बोलत होती ते कळणारच नाही.

तू सही केलीस तर दर वर्षी परक्या मुलांची एक तुकडी आईचं हे बोलणं ऐकेल. नाही केलीस तर नियमाप्रमाणे चित्रफीत पुसून टाकायची. तोही नियम माझाच, तो माझ्यावरच येईल हे मला तरी कुठे माहीत होतं. मला दोन्ही सोसवत नाही. रोज दुपारी वाटतं पुसून टाकावी, आणि एखाद्या दिवशी ती लागली नाही तर मी खुर्चीत नुसती कान टवकारून बसते. भिंतीकडे बघत. वेड लागायची पाळी आली आहे, ताई, आणि हे मी कुणाला सांगू?

म्हणून विनंती एकच. न बघता सही करू नकोस, आणि न बघता नाहीही म्हणू नकोस. शब्द मी तुला लिहून दिलेत, पण ते सगळं नाहीये. 'तिला कुणी जवळ घेतलंच नाही' म्हणताना आई समोरच्या मोकळ्या हवेत दोन्ही हात पुढे करते आणि तसेच ठेवते, बराच वेळ. ते मला लिहिता येत नाही. ते तुझं आहे, आणि आत्तापर्यंत ते तू सोडून सगळ्यांनी पाहिलंय.

मी तंत्रज्ञाकडून खोलीची किल्ली मागून घेतली आहे. आपण दोघीच बसू. कागद सोबत आण, कोरा. बघून झाल्यावर तू जे म्हणशील ते मला मान्य आहे, मी एका शब्दानं वाद घालणार नाही.

आईनं मला तुला बोलवू दिलं नाही. मी तिचं ऐकलं. आता नाही ऐकत. या पत्राला उत्तर लिहू नकोस, फोनही नको. इथे सगळं नीट आहे, तुला काही नीट करायला लागणार नाही. नुसती ये, आणि या वेळी मला तुला जवळ घेऊ दे.

वाट बघतेय,
बारकी