फाट्यापर्यंतचा नवस

देऊळघाट,
माघ वद्य चतुर्थी, गुरुवार
(तुमच्या कॅलेंडरात फेब्रुवारी)

प्रिय पुष्पांजली,
अनेक आशीर्वाद.

पाच वेळा फोन केला. पाचही वेळा त्या यंत्रातल्या बाईने सांगितलं की तू उत्तर देत नाहीस, जणू मला ते कळलं नव्हतं. मेसेजवर निळ्या खुणा उमटतात, म्हणजे तू वाचतेस. पण माझ्या वर्गातली मुलंही वाचतात. वाचलं म्हणून उत्तर येतंच असं नाही, हे पंचवीस वर्षं पाहत आले आहे. म्हणून पत्र. पाकीट घ्यायला बुलढाण्याच्या पोस्टात गेले, तर खिडकीतल्या गृहस्थाने विचारलं, "राखी का मॅडम?" माघात.

काल तुझ्या बाबांनी सांगितलं की तू लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या लावता लावता चक्कर येऊन पडलीस. दुसऱ्यांचं रक्त तपासणारी मुलगी स्वतः फरशीवर, आणि तिलाच सलाइन. तिथे शेगावात सकाळ-दुपार डब्यातली चॉकलेटच्या वासाची पावडर पाण्यात ढवळून पितेस आणि संध्याकाळी काकडी खातेस, असंही कळलं. पंधरा दिवसांत पाच किलो उतरले म्हणे. दादा हे सांगताना घाबरला होता आणि वहिनी मागून म्हणत होती, "पण बारीक दिसते हो आता." रागवायला बसले होते, पण त्यासाठी लागणारी ताकद आताशा शाळेतच संपते. दमले आहे, बाई.

शाळेचं तेच. देवभाषा अजून जिवंत आहे, कारण तिच्यात शंभरापैकी शंभर मिळतात. परवा एकाला विचारलं, संस्कृत का घेतलंस, तर म्हणाला, "टक्के वाढतात मॅडम." मला त्याचा प्रामाणिकपणा आवडला. मी त्याच्या वयाची असताना एवढं खरं बोलत नव्हते.

आज चतुर्थी, शाळा दुपारची, आणि मी सकाळी नऊलाच ज्वारीची भाकरी नि मुगाची उसळ खाऊन हे लिहायला बसले आहे. तुझ्या आजीने वरून पाहिलं असेल तर उद्धार करून टाकला असेल माझा. आठवतं ना, मागच्या साली तू इथे राहायला आलीस तेव्हा तुझ्या वजनावर पहिला उपाय मीच सांगितला होता? सोमवार, गुरुवार, शनिवार आणि आलीच तर चतुर्थी-एकादशी. विद्वान आत्या! दोन महिने आपण भक्तिभावाने साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याची आमटी आणि रताळी खाल्ली, आणि तुझं वजन तीन किलोंनी वाढलं. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तुझा आहार लिहून घेतला आणि पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. आपल्याकडची बाई उपवासाच्या दिवशीच सर्वांत जास्त जेवते, एवढंच म्हणाल्या. मी पुढची दहा मिनिटं भिंतीवरचं गर्भाशयाचं चित्र अभ्यासत बसले.

मग त्यांनी तुला नीट समजावलं. पीसीओडी म्हणतात त्या या पाळीच्या दुखण्यात शरीर इन्सुलिनचं धड ऐकत नाही, म्हणून वजन चटकन चढतं आणि रडत रडत उतरतं. यात तुझा आळस नाही की जिभेचा दोष नाही. उपाशी राहायचं नाही. सकाळी पोटभर खायचं, प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, अंडं, दही असं काहीतरी हवं, भाकरी मोजून, साखर जवळजवळ नाही, झोप वेळेवर, रोज चाळीस मिनिटं भरभर चालायचं, आणि दोन दिवसांआड बाटल्या उचलून हातापायांचा व्यायाम. पाच-सात टक्के वजन उतरलं तरी पाळीला फरक कळतो म्हणाल्या. तू विचारलंस, किती दिवसांत? त्या म्हणाल्या, दिवसांत नाही, महिन्यांत. तुझा चेहरा तेव्हा माझ्या नापास मुलांसारखा झाला होता.

आणि चालण्याचं आपलं महाकाव्य! आपल्या गावात बाईने कारणाशिवाय चालणं हे अजून कोणी पाहिलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी कडूबाने बुलेट थांबवली. "काऊन वो मॅडम, यष्टी चुकली का? बसा मांगं, दोघी बी बसा." आपण नको म्हटलं तर म्हणतो कसा, "वजनाचं टेन्शन नका घेऊ, बुलेट हाय!" तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर थांबला, चौथ्या दिवशी हेडमास्तरांची गाडी, आणि त्यात नाही म्हणायची सोय नव्हती म्हणून आपण चाळीस मिनिटांचा व्यायाम चार मिनिटांत पूर्ण केला. नुसतंच चालतो म्हटलं तर लोकांना वाटे घरात भांडण झालं. शेवटी तू वैतागून कडूबाला ठोकून दिलंस, "नवस आहे काका. सव्वा वर्ष फाट्यावरच्या देवीला पायी जायचंय." कडूबाने चप्पल काढून तिथल्या तिथे हात जोडले. त्या दिवसापासून एक गाडी थांबली नाही. उलट समोरून येणारे बाजूला सरत.

पण नवस म्हटला की प्रसाद आला. देवळापाशी हार-नारळ विकणाऱ्या मनकर्णाबाई आपली वाटच पाहत बसायच्या. मंगळवारी शिरा, शुक्रवारी गूळ-फुटाणे, अधूनमधून कोणाच्या तरी पोराच्या पास होण्याचे पेढे. आणि नवसकरणीने प्रसाद नाकारायचा नसतो. "आत्या, देवीलाच आपल्याला बारीक होऊ द्यायचं नाही," असं तू म्हणाली होतीस. मग तू ओच्यात घेऊन वाटेतल्या वासराला शिरा चारायला लागलीस. ते वासरू यंदा चांगलंच थोराड झालं आहे. त्याला कोणी काही म्हणत नाही.

आठ महिने आपण गेलो, पुष्पा. अठ्ठ्याहत्तरची तू बहात्तर झालीस. मध्ये दीड महिना काटा जागचा हलला नाही, तेव्हा तू काट्याला लाथ मारलीस आणि पायाला फडकं बांधून चाललीस, तेही मी पाहिलं. पण श्रावणात तुझी पाळी आपणहून आली, पुढच्या महिन्यातही आली, त्याच्या पुढच्याही. तू स्वयंपाकघराच्या दारातून "आली!" असं ओरडलीस तेव्हा शेजारच्यांना वाटलं वीज आली. हे सहा किलो तू कमावले होतेस. भूक मारून नाही, जेवून.

मग दिवाळीनंतर दुसरबीडची मंडळी आली. मुलगा बरा होता, तुझ्याशी बोलताना फोन खिशात ठेवणारा. त्यांना तू पसंत होतीस. साखरपुड्याची तारीखही बोलून झाली होती. आणि आठ दिवसांनी दादाला निरोप आला की मुलगी अंगाने जरा जड वाटते, आमचा मुलगा किरकोळ आहे, जोडा शोभायचा नाही. ज्यांनी तुला समोर बसून दोन तास पाहिलं, त्यांना जडपणा आठ दिवसांनी दिसला, याचं तुला नवल वाटलं नाही. तू लगेच विश्वास ठेवलास. काटा उचलून माळ्यावर टाकलास, शेगावची नोकरी घेतलीस आणि जाताना म्हणालीस, "आठ महिन्यांत सहा किलो, आत्या. लोक एका महिन्यात दहा करतात. आपण मूर्खासारखं चालत बसलो." मी दारात उभी होते. मला बोलता येत होतं. बोलले नाही.

जरा मागचं सांगते, कंटाळू नकोस. मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा मला वर्षातून तीन वेळा पाळी यायची. आई म्हणायची, बरं आहे, कटकट कमी. हनुवटीवर केस आले, ते मी आरशापुढे चिमट्याने उपटायची आणि कोणी आलं की सुभाषितं पाठ करत असल्यासारखी ओठ हलवायची. दोन स्थळांनी मला पाहिलं. एकाने कळवलं, मुलगी भारदस्त आहे. तिसरं यायच्या आतच मी जाहीर केलं की मला संस्कृतात एम.ए. करायचं आहे, लग्न नको. सगळ्यांना ते इतकं पटलं की मलाही पटलं. एखादी गोष्ट झाकायची असेल तर तिच्यावर विद्वत्तेचं पांघरूण घालावं, कोणी उचलून पाहत नाही. अठ्ठेचाळीस वर्षांची होईतो माझंही कोणी पाहिलं नाही.

पाहिलं ते डॉक्टरीणबाईंनी. पहिल्याच दिवशी, तू वजन करायला बाहेर गेलीस तेव्हा. माझ्या मानेवरचा काळा पट्टा पाहून त्यांनी सरळ विचारलं, तुमची पाळी कशी होती हो? इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी उत्तर दिलं आणि त्यांनी दुसरा केसपेपर काढला. तुझ्यामागोमाग दर महिन्याला "बिल देऊन येते" म्हणून मी आत थांबायची, ती माझी तपासणी असायची. साखर सीमेवर होती. गर्भाशयाचं अस्तर जाड झालं होतं. वर्षानुवर्षं पाळी चुकत राहिली, कोणी लक्ष दिलं नाही, की असं होऊ शकतं म्हणे. तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे नऊ दिवस तू मला मुगाची धिरडी करून घालत होतीस आणि विचारत होतीस, आत्या, तू का गप्प? रिपोर्ट चांगला आला. गोळ्या चालू आहेत, भाकरी मोजून चालू आहे, चालणं चालू आहे. म्हणजे ते आठ महिने मी तुला सोबत करत नव्हते. दोन रोगी चालत होते, आणि एकीचंच नाव लागत होतं.

आता ज्यासाठी हे लिहिते आहे ते. तुला आठवत नसेल, ज्येष्ठात एका मंगळवारी तू वासराकडे गेली होतीस. मनकर्णाबाईंनी मला विचारलं, "नवस कोनाचा हाय वो बाई? तुमचा का पोरीचा?" मी म्हटलं, पोरीचा. पोटाचं दुखणं आहे तिला, पाळीचं. एवढंच म्हणाले. त्या बाईने कळवळून आपल्या दुसरबीडच्या बहिणीला सांगितलं, देऊळघाटच्या एका मास्तरीणबाईच्या भाचीसाठी तुम्हीही दिवा लावा. ते दिवाळीनंतर त्या मंडळींच्या कानावर गेलं, तोवर त्याचं "पोरीला मूल होणार नाही" झालं होतं. वजन हे त्यांनी तोंडदेखलं कारण दिलं, पुष्पा. तू त्यांना जड वाटली नव्हतीस. डिसेंबरात मनकर्णाबाईंनी मला हे भोळेपणाने सांगितलं, आणि मी अडीच महिने ते दाबून ठेवलं, तू तिकडे न जेवता त्या खोट्या कारणाची शिक्षा भोगत असताना. तू पडलीस ती माझ्यामुळे. दुसरबीडला मी काही कळवलेलं नाही. कळवायचं की नाही हे तू ठरव, मला वाटतं ज्यांना विचारायचं धाडस नव्हतं त्यांना सांगण्याचीही गरज नाही. पावडरीचा डबा मात्र टाक, तिथल्या कोणत्याही बऱ्या डॉक्टरकडे जुनी फाइल घेऊन जा, आणि उद्या सकाळी जेव. परवा मंगळवारी मी देवळापाशी जाऊन, चार बाया बसल्या असताना मनकर्णाबाईंना सांगितलं की दुखणं माझंही आहे, तीस वर्षांपासून, आणि त्याने कोणी वांझ ठरत नाही. डॉक्टर आहेत, उपाय आहेत. मनकर्णाबाईंनी हातातला हार खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मंग पोरीचं नाव काऊन घेतलं वो, बाई?" उत्तर साधं होतं आणि ते तिला नाही, तुला द्यायचं होतं. मला लाज वाटली, म्हणून.

तुझीच, आणि या वेळी स्वतःच्याच नावाने,
छाया आत्या