पाण्यावर तरंगणारी पावडर

४ सप्टेंबर
बुडाली! मैद्याइतकी बारीक प्लॅस्टिकची पावडर – कालपर्यंत पाण्यावर सायीसारखी तरंगायची. आज प्लाझ्माच्या ड्रममध्ये, त्या जांभळ्या उजेडात फिरवून काढली आणि ग्लासात सरळ तळाला! आता पाण्यात कालवायच्या रंगात मिसळेल. ड्रम चालवणारे गेणूभाऊ बघतच राहिले. "म्याडम, हिला पाण्याचं भ्याच नाय राह्यलं!"

गोदामात कच्च्या पावडरीच्या चार गोण्या आहेत. पुण्याच्या रंगवाल्यांना दोन हव्यात. उद्या माझी रजा, म्हणून दोन गोण्यांवर 'प्लाझ्मा झाला' अशी लेबलं आजच लावून टाकली. माझं काम कधी ऐनवेळचं नसतं.

५ सप्टेंबर
आईला डॉक्टरकडे नेलं. गेणूभाऊंना फोनवर सांगितलं, दोन गोण्या करा. संध्याकाळी त्यांचा फोन – झाल्या.

८ सप्टेंबर
माल तयार, आणि मालक शेखर सर म्हणतात, पितृपक्षात पहिला माल पाठवायचा नाही! घटस्थापनेला पाठवू. अहो, प्लाझ्माचा असर दिवसागणिक उतरतो! "पंधरा दिवसांनी काय बिघडतंय?" ऐकतो कोण.

२२ सप्टेंबर
गेला एकदाचा माल. लेबलवाल्या दोन्ही गोण्या मी स्वतः टेम्पोत चढवून घेतल्या.

२५ सप्टेंबर
रंगवाल्यांचा व्हिडिओ आला. आमची पावडर पाण्यावर तरंगतेय. सगळी! सरांनी गेणूभाऊंना सगळ्यांदेखत झापलं – "ड्रम नीट फिरवला नाहीस. उद्यापासून घरी बस." बारा वर्षांचा जुना माणूस! "लय जपून केलं हो सर," एवढंच बोलले आणि गाडीला किक मारून घरी, दिंडोरीला निघून गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी!

२६ सप्टेंबर
सरांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले. म्हटलं, पंधरा दिवस ठेवून तुम्ही घालवलात माल, गेणूभाऊंनी नाही! आवाज चढला. चढू दे. "बाहेर जा," म्हणाले.

२९ सप्टेंबर
संताप जात नाही. सरांशी बोलणं बंद.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. ड्रमला झेंडूची माळ दरवर्षी गेणूभाऊ घालतात. आज कुणीच पुढे होईना. पूजेआधी गोदाम झाडताना उरलेल्या दोन गोण्या सरकवल्या. लेबल नाही, पण तोंडं उघडून पुन्हा शिवलेली – गेणूभाऊंच्या निळ्या दोऱ्यानं.

दोन्हींतली चिमूट चिमूट पाण्यात टाकली. बुडाली – जवळजवळ महिन्यानंतरही.

माझी लेबलं बघून त्यांनी टेम्पोत गेलेल्या त्या दोन झालेल्याच धरल्या. फोनवर सांगितलं तशा दुसऱ्या दोन केल्या. आणि मी सहा दिवस सरांवर राग धरून बसलेय! सर पूजेला थांबलेत. आधी त्यांना सांगते, मग दिंडोरीला जाते.