शनिवारच्या वर्गात मी काय शिकले

प्रिय वेंडेल,

तू म्हणशील, म्हातारीचं डोकं फिरलं. एकाच घरात राहायचं, सकाळी एकाच भांड्यातली कॉफी प्यायची आणि वर पत्रं लिहायची! पण तोंडाने बोलायला गेले की मी हवापाण्यावर घसरते आणि तू बूट शोधायला लागतोस. आठ महिने आपलं हेच चाललंय. कागद तरी मला मध्ये तोडणार नाही. तू टायरच्या दुकानात गेलायस, सकाळचे दहा वाजलेत, मी स्वयंपाकघरात बसलेय. मला भीती वाटतेय, वेंडेल. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी माझ्या सवयीने इकडचं तिकडचं लिहीत बसले तरी तुला कळेल की खरं काय ते.

शनिवारी आपल्या चर्चच्या हॉलमध्ये वर्ग होता. आपल्या पाद्री मदर गेलची ही नवी टूम तुला ठाऊकच आहे. तीन चर्चना तीन पाद्री मिळेनात, म्हणून आपलं सेंट बार्नबस, नदीपलीकडचं सेंट ल्यूक आणि टेकडीवरचं ट्रिनिटी अशा तिन्ही एपिस्कोपल चर्चचा संसार ती एकटीच ओढते. रविवारी झगा गाडीच्या मागच्या सीटवर टाकून इकडून तिकडे धावत असते बिचारी. तिने ठरवलं की दर महिन्याला एकेका हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून काहीतरी शिकायचं आणि गावातल्या कोणालाही येऊ द्यायचं. सप्टेंबरमध्ये ट्रिनिटीत मृत्युपत्र कसं करावं ते शिकवलं. त्यांच्या हॉलला गालिचा आहे, हे तिथल्या कोरीन हॅझलटनने मला तेवढ्यात तीनदा ऐकवलं. तीस वर्षं ती बाई मला पाण्यात पाहते. चर्चच्या जेवणात तिच्या ‘लेमन पाय’ या गोड पदार्थापेक्षा माझा आधी संपतो, त्याला मी काय करू!

शनिवारचा विषय मात्र वेगळा होता. कोणी गोळ्या किंवा पावडर जास्त घेऊन बेशुद्ध पडलं तर काय करायचं, नाकात तो औषधाचा फवारा कसा मारायचा, असा विषय. मी काही शिकायला गेले नव्हते. मी गेले होते सूप करायला. यजमान आपण होतो, आणि हॅम आणि बीनचं सूप माझ्याशिवाय कोणी केलं तर त्याचं पिठलं होतं, हे सगळं गाव जाणतं.

खरं सांगायचं तर या विषयाच्या मी विरोधातच होते. चर्चबाहेर आपलं ते लाकडी कपाट आहे ना, ज्यात आपण डबाबंद मटार, साबण, मोजे ठेवतो आणि लागेल त्याने न विचारता न्यावं म्हणतो, त्यात हे फवारेही ठेवावेत असा प्रस्ताव जूनमध्ये आमच्या कारभारी मंडळापुढे आला होता. बाकीच्या दोन्ही चर्चनी होकार दिला. आपल्याकडे मी उभी राहिले आणि म्हणाले, "मटार भुकेल्यासाठी असतात. हे ठेवलं तर आपण त्या लोकांना खुशाल घ्या असंच सांगतोय." चांगलं ठणकावून म्हणाले. सहा विरुद्ध चार मतांनी प्रस्ताव पडला. "त्या लोकांना" असं मी म्हणाले, वेंडेल, तेव्हा तू घरी वरच्या खोलीत होतास आणि मला सगळं माहीत होतं. मार्चपासून माहीत होतं. ईस्टरच्या जेवणात ताटावरच तुझी मान खाली गेली, तेव्हा मी मदर गेलला म्हणाले, "दुकानात फार राबवतात हो त्याला." प्रस्तावाच्या बाजूने हात वर केला असता तर तू त्यांच्यातलाच एक आहेस हे मान्य केल्यासारखं झालं असतं. म्हणून मी तो वर केला नाही. कपाटाशी माझं काही भांडण नव्हतं.

छपरावरून पडलास त्या दिवसापासून मी तुला दोष दिलेला नाही. पाठ मोडली, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोळ्या बंद केल्या, मग तू दुसरीकडून मिळवल्यास. एवढं मला कळतं. तुझे बाबा असते तर त्यांनी आरडाओरडा केला असता आणि नंतर गॅरेजमध्ये जाऊन रडले असते. मला आरडाओरडाही जमला नाही. मी फक्त ऐकत राहिले. वर नळ सुटला की बरं वाटायचं, पाऊल वाजलं की बरं वाटायचं. वसंतात तू खोलीला आतून कडी बसवलीस. तो ड्रिलचा आवाज ऐकत मी खाली बटाटे सोलत होते. पण जेवायला आलास तेव्हा मी तुला फक्त मीठ हवं का विचारलं.

तर शनिवारी मी सूप ढवळत होते आणि दार उघडं होतं. शिकवायला सेंट ल्यूकची योलांडा होती, ती दवाखान्यातली परिचारिका, हसली की खोकते ती. ती एकेक लक्षण सांगत होती. ओठ निळे पडतात. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. मग ती म्हणाली, "आणि घोरणं. खोल, घरघरणारं, घशात पाणी असल्यासारखं. घरच्यांना वाटतं, चला, गाढ झोपलाय. लोक पांघरूण घालून खोलीबाहेर जातात हो. ती झोप नसते. श्वास बंद पडत चाललेला असतो."

वेंडेल, ऑगस्टमधला तो रविवार तुला आठवत नसेल. तुला आठवणारच नाही. मी चर्चमधून आले, बेसबॉलची मॅच लावली आणि वरून तुझं घोरणं ऐकू आलं. असं घोरणं मी कधी ऐकलं नव्हतं. मला इतका आनंद झाला! किती महिन्यांनी पोराला झोप लागली, असं मी मोठ्याने म्हणाले. आणि मी टीव्हीचा आवाज बंद केला. तुझी झोप मोडू नये म्हणून मी तासभर मुकी मॅच बघत बसले आणि तू माझ्या डोक्यावरच्या खोलीत मरत होतास. मध्येच घोरणं थांबलं, तेव्हा तू कुशीवर वळलास असं मला वाटलं. कसा जागा झालास ते देव जाणे. संध्याकाळी तू खाली आलास, चेहरा राखेसारखा, आणि मी विचारलं, "झाली का झोप?"

सूप तळाला लागलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. वास आला म्हणून योलांडा डोकावली आणि म्हणाली, "आर्डिथ, बरं झालं, ये बाहेर. जोड्या लावल्यात आणि एक माणूस कमी पडतोय." मी नको नको म्हणेपर्यंत तिने माझा ॲप्रन सोडलासुद्धा. उरली होती कोण, तर कोरीन. ती इस्त्रीची लोकरी पँट घालून आपल्या फरशीवर आडवी झाली आणि म्हणाली, "गालिचा असता तर बरं झालं असतं." सगळे हसले. मी गुडघे टेकून बसले. योलांडा म्हणाली, "आधी खांदा हलवायचा आणि नावाने मोठ्याने हाक मारायची. लाजू नका, ओरडा." कोरीनने डोळे मिटले होते, तोंड जरा उघडं होतं. मी तिचा खांदा धरला आणि ओरडले, "वेंडेल!"

एकदा नाही. तीनदा. आवाज माझा आहे हे मला तिसऱ्यांदा कळलं. तिन्ही चर्चची चाळीस माणसं त्या हॉलमध्ये होती, आणि सगळ्यांनी ऐकलं. मला वाटलं, झालं, आता उद्या हा या गावात तोंड कसं दाखवणार. आणि कोरीन, ती कोरीन हॅझलटन, ताडकन उठून बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं खेकसली, "अगं बाई, मी कोरीन! तीस वर्षं भांडतेयस आणि नावही येत नाही? सूप जाळतेस, नावं विसरतेस, तुला या वर्गाची नाही, सुट्टीची गरज आहे." हॉल खदखदून हसला. पण तिने माझं मनगट धरलं होतं ते सोडलं नाही. लोक पुन्हा आपापल्या जोडीकडे वळले तरी सोडलं नाही.

नंतर ती माझ्याबरोबर जळालेलं भांडं घासायला आली. घासणी घेऊन तळाची काजळी खरवडत राहिली. मग म्हणाली, "माझ्या बहिणीचा मुलगा, रॉनी, गेला ना, आम्ही सगळ्यांना हृदयाचं सांगितलं. फवारा बहिणीच्या हातात होता, आर्डिथ. तिने तो आधीच आणून ठेवला होता. पण दाराला आतून कडी होती. शेजारी येऊन दार तोडेपर्यंत बारा मिनिटं गेली." मी तिला कोरडं फडकं दिलं. जाताना तिने तिला मिळालेले दोन फवारे माझ्या पिशवीत टाकले. माझे दोन होतेच. आता एक फ्रिजवर आहे, एक जिन्याच्या कठड्याला बांधलाय, एक माझ्या खिशात आणि एक तुझ्या गाडीत ठेवायचाय.

शनिवारपासून आज बुधवारपर्यंत मी किती वेळा जिना चढून तुझ्या दाराला कान लावला, ते सांगायची लाज वाटते. घरात शांतता असली की धस्स होतं. आवाज आला की तो कसला, म्हणून धस्स होतं. काल तू आंघोळीला गेलास आणि पाणी बंद झाल्यावर दोन मिनिटं काही हालचाल नाही, तेव्हा मी अर्धा जिना चढून गेले. आज सकाळी मी मदर गेलला फोन केला. कपाटाचा प्रस्ताव पुन्हा मांडा, म्हटलं, आणि मांडणारी मी असेन. सोमवारी बैठक आहे. मी तुझं नाव घेणार नाही, पण जूनमध्ये मी काय म्हणाले आणि का म्हणाले ते सांगेन. तिथेही मला भीती वाटेल. पण ती भीती मला चालेल.

आता पत्र कशासाठी ते. पाच वाजता तू घरी येशील तेव्हा तुझ्या दाराची कडी तुला दिसणार नाही. ती मी काढलीय. बाबांचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, चार स्क्रू होते, शेवटचा गंजला होता. तू रागावशील. दार आपट, मला शिव्या दे, पण दुसरी कडी बसवू नकोस. सोडायचं असेल तर योलांडाकडे उपचार केंद्राचा नंबर आहे. म्हणशील त्या दिवशी, म्हणशील त्या वेळेला मी गाडी काढीन. पण आज, आत्ता सोड, असं मी म्हणत नाही, कारण मी म्हटल्याने ते होत नाही हे मला कळून चुकलंय. मी दुसरंच मागतेय. ज्या दिवशी घेतल्याशिवाय राहवणारच नाही, त्या दिवशी वर जाऊ नकोस. इथे खाली ये, माझ्या स्वयंपाकघरात, या टेबलाशी बस. तुझी आई, कारभारी मंडळातली आर्डिथ प्रुइट, हे स्वतःच्या हाताने लिहितेय. मी काही बोलणार नाही, रडणार नाही, हवं तर पाठ करून भांडी घासत उभी राहीन. फक्त तुझा श्वास मला ऐकू येईल एवढ्या जवळ बस.

तुझीच,
आई